कपाट देतो, पण बुधवार मागू नका

माझा गुडघा आखडला नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आमच्या गावच्या शाळेत पालकसभेला पालकांना मुलांच्याच बाकांवर बसवतात. मुलं आठ वर्षांची, बाकंही त्याच बेताची. मी त्यात शिरलो की माझे गुडघे हनुवटीपर्यंत येतात आणि मी एखाद्या घडी घातलेल्या खुर्चीसारखा दिसायला लागतो. खरं तर त्या सभेला मी जायचंच नव्हतं. आमच्या घरात शाळा हे खातं माझ्या बायकोकडे, अल्बेनाकडे आहे. पण त्या दिवशी तिची दवाखान्यात दुपारपाळी होती. निघताना तिने बजावलं, "मागच्या बाकावर बस. ऐक. लिहून आण. हात वर करू नकोस."

मी दुधाच्या कारखान्यात प्रयोगशाळेचा उपप्रमुख आहे. दही लागतं का, किती आंबट लागतं, हे पाहत बसायचं माझं काम. गप्प बसून वाट पाहण्यात माझी बावीस वर्षं गेली आहेत, कारण दह्याशी बोलून ते लवकर लागत नाही. त्यामुळे पालकसभेत गप्प बसणं मला जड जाईल, असं मला वाटलं नव्हतं.

दुसरीच्या वर्गशिक्षिका दामयानोवाबाई. चणीने लहान, आवाज मऊ, पण बोलायला लागल्या की मागच्या बाकावरचा माणूसही पाय सरळ करायचा प्रयत्न करतो. त्या म्हणाल्या, "मुलांचं वाचन मागे पडलंय. घरी कोणी त्यांना वाचून दाखवत नाही, मग वाचण्यात काही गंमत असते हे त्यांना कळणार कसं? मला पैसे नकोत, वस्तू नकोत. दर बुधवारी एक तास, कोणीतरी एका पालकाने वर्गात यायचं आणि गोष्ट वाचून दाखवायची. बावीस मुलं आहेत. एकेकाची पाळी वर्षातून दोनदासुद्धा धड येणार नाही."

वर्गात सामसूम झाली. कोणी बूट पाहू लागलं, कोणी भिंतीवरची अक्षरमाला पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं न्याहाळू लागलं. मग एका गृहस्थांनी सांगितलं की ते वर्गाला प्रिंटर देतील. एक बाई पडदे शिवून देणार होत्या. तिसऱ्या एकाच्या मेहुण्याचं एअर कंडिशनरचं दुकान होतं, तो मेहुण्याशी बोलणार होता. एक तास मात्र कोणाकडेच नव्हता. आमच्या गावात रविवारी सकाळी लोक चौकात एका कॉफीच्या कपापुढे तीन तास बसतात, पण बुधवार म्हटल्यावर सगळ्यांची कामं एकदम वर आली.

माझं कारण वेगळं होतं. तिसरीत असताना अक्षरदिनाच्या, म्हणजे आमच्या लिपीच्या सणाच्या, समारंभात मला आठ ओळी वाचायला उभं केलं होतं. डोक्यावर फुलांचा मुकुट, समोर अख्खं गाव, आणि तिसऱ्या ओळीवर माझी जीभ टाळ्याला चिकटली. मी ती ओळ चार वेळा सुरू केली. लोक हसले, पण मायेने हसले, आणि ते जास्त लागतं. त्यानंतर मी आजतागायत मोठ्याने काही वाचलेलं नाही. हॉटेलात गेलो तर अल्बेना मेन्यू वाचते. आमच्या नेदाला झोपताना गोष्ट तीच वाचते. मी दिवा मालवतो.

तर नेमक्या त्या सामसुमीत माझा उजवा गुडघा आखडला. कळ अशी आली की मी ताडकन उभा राहिलो.

"वा," दामयानोवाबाई म्हणाल्या, "नेदाचे बाबा तयार आहेत."

एकवीस पालकांनी माझ्याकडे इतक्या कृतज्ञतेने पाहिलं, की तसं माझ्या लग्नातही कोणी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे... मी असं म्हणत होतो," मी म्हणालो, "वाचायचं तर पुस्तकं लागतील. पुस्तकांना कपाट लागेल. कपाट मी करून देतो. स्वतःच्या हातांनी."

बाईंनी वही उघडली. "कपाट चांगलंच आहे," त्या म्हणाल्या. "मला माणूस हवा होता." पण वहीत त्यांनी लिहून घेतलं: कपाट.

घरी आल्यावर अल्बेनाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू आयुष्यात कधी खिळा ठोकला आहेस?"

"बाथरूममधल्या आरशाचा."

"तो मी ठोकला. तू आरसा धरला होतास."

माघार घ्यायला अजून वेळ होता. पण दुसऱ्या दिवशी नेदा शाळेतून आली ती सगळ्या वर्गाला सांगूनच. तिच्या हिशोबाने ते कपाट छताला टेकणार होतं आणि त्याला एक गुप्त दार असणार होतं. बापाचा शब्द एक वेळ मागे घेता येतो, मुलीने चारचौघांत दिलेला शब्द मागे घेता येत नाही. मी फळ्या आणायला गेलो.

आमच्या इमारतीमागे गॅरेजची रांग आहे. सप्टेंबर संपत आला की तिथे गाडी कोणी लावत नाही. सगळी इमारत खाली उतरून लाल मिरच्या भाजते, सोलते आणि हिवाळ्यासाठी बरण्या भरते. दहा बिऱ्हाडं, सहा शेगड्या, धूर, आणि काम असं की हात गुंतलेले पण तोंड मोकळं. अशा जागी मी माझ्या गॅरेजचं दार उघडून सुतारकामाला बसलो. सल्ला फुकट मिळतो असं म्हणतात. मला तो पोत्याने मिळाला.

मुख्य सल्लागार होते बोझीदारकाका. चाळीस वर्षं रेल्वेत सिग्नल सांभाळून निवृत्त झालेले. हाताने काही करायचं नाही, पण कोण कुठे चुकतंय ते लांबूनच ओळखायचं, ही सवय त्यांना नोकरीतच लागली असावी. पहिल्याच संध्याकाळी ते स्टूल घेऊन माझ्यासमोर बसले.

"पाइन आणलंस?" त्यांनी फळीवर टिचकी मारली. "अक्रोड आणायचा होतास."

"काका, दुसरीच्या वर्गाला अक्रोड कशाला?"

"पोरांना लहानपणापासून चांगल्या लाकडाची ओळख हवी."

मी प्रयोगशाळेचा माणूस. प्रत्येक फळी तीनदा मोजली, मिलिमीटरपर्यंत. कापली, स्क्रू मारले, उभं केलं, तर कपाट डावीकडे झुकलेलं. पुन्हा मोजलं. माप चोख, तरी कपाट झुकलेलंच. दोन संध्याकाळी मी ते खोलत आणि जोडत बसलो. तिसऱ्या दिवशी बोझीदारकाका मिरची सोलत शांतपणे म्हणाले, "कपाट सरळ आहे रे. गॅरेजची जमीन तिरकी आहे. पाणी बाहेर जायला उतार दिलाय तिला."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"इमारत बांधली तेव्हापासून."

"मग दोन दिवस बोलला का नाहीत?"

"तू विचारलं नाहीस. आणि खोलता-जोडता तुझा हात बसत चालला होता."

तळमजल्यावरच्या त्सोंका आजींना कप्प्यांची उंची पसंत नव्हती. त्या एक भरलेली बरणी घेऊन आल्या आणि ती कप्प्यात उभी करून पाहिली. झाकण वरच्या फळीला लागत होतं. "अर्धी वीत वाढव," त्या म्हणाल्या.

"आजी, यात पुस्तकं ठेवायचीत."

"पुस्तकं काय, वाचून संपतील. मग बरण्या तरी ठेवता येतील."

यावर बरीच चर्चा झाली. शेवटी मी अर्धी वीत वाढवली. का वाढवली ते आजही सांगता येत नाही. सहा शेगड्या एका बाजूला आणि आपण एकटे दुसऱ्या बाजूला, असं झालं की माणसाच्या तत्त्वांना धूर लागतो.

रंग नेदाने निवडला, पिवळाजर्द. रंग ओला असताना वारा फिरला आणि शेगड्यांची काजळी उडून कपाटभर काळे ठिपके बसले. मी डोक्याला हात लावून बसलो. नेदाने जवळून पाहिलं, ब्रश घेतला आणि प्रत्येक ठिपक्याला सहा पाय काढले. तासाभरात कपाटावर दोनशे किडे चालू लागले. बोझीदारकाकांनी चष्मा लावून पाहणी केली आणि म्हणाले की संपूर्ण कपाटात एवढंच काम सफाईने झालंय. छताला टेकणारं ते नव्हतंच. बैठं, रुंद, माझ्या छातीएवढं. पण सरळ जमिनीवर ते सरळ उभं राहत होतं, आणि मी येता-जाता त्याच्यावरून हात फिरवत होतो.

आता फक्त ते शाळेत नेऊन ठेवायचं होतं, असं मला वाटत होतं.

शाळेचं सामानसुमान स्पासोव नावाचे गृहस्थ सांभाळतात. एका खोलीत त्यांची दोन टेबलं आहेत. खिडकीजवळच्या टेबलावर ते भांडारपाल असतात आणि दाराजवळच्या टेबलावर सुरक्षा अधिकारी. एकाच माणसाकडे दोन पदं असली की काम पटकन होईल, असं आपल्याला वाटतं. स्पासोव मात्र दोन्ही पदांशी सारखेच प्रामाणिक होते.

"कुठे ठेवणार?" भांडारपाल स्पासोवनी विचारलं.

"वर्गात, मागच्या कोपऱ्यात."

"तिथे कपाट क्रमांक दोनशे बारा आहे."

"ते मोडकं आहे हो. दारं नाहीत, पाठ नाही."

"हे तुम्ही म्हणता. कागदावर ते चांगलं आहे. कागदावर मोडायचं तर तीन जणांची समिती लागते. एक मी. दुसऱ्या संगीताच्या बाई, त्यांचा पाय प्लास्टरमध्ये आहे. तिसरे मार्चमध्ये निवृत्त झाले."

"मग दुसरा सभासद नेमा."

"नेमता येतो. समितीच्या बैठकीत."

"बरं, वर्गाबाहेर ठेवलं तर? व्हरांड्यात?"

"व्हरांड्यात माझी काही हरकत नाही," भांडारपाल म्हणाले, आणि तसं एका कागदावर लिहून, शिक्का मारून, उठून दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. खुर्चीच्या पाठीवरचं नारिंगी जाकीट त्यांनी अंगात घातलं. तोच कागद हातात घेऊन पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा वाचला. "व्हरांड्यात ठेवता येणार नाही," सुरक्षा अधिकारी म्हणाले. "आग लागली तर मुलांच्या वाटेत अडथळा."

"अहो, आत्ताच तुम्ही—"

"ते भांडारपालांचं मत आहे."

मी उठायला लागलो तसे ते जरा नरमले. माणूस वाईट नाही. "स्थिर वस्तू अडथळा धरली जाते," ते म्हणाले. "हलती वस्तू तात्पुरती धरली जाते. जेवणाची गाडी व्हरांड्यात चालते. चाकं आहेत ना तिला."

चाकं बोझीदारकाकांनी दिली. दवाखान्यातल्या जुन्या खाटेची चार चाकं त्यांनी बारा वर्षं जपून ठेवली होती. प्रत्येकाला पायाने दाबायचा ब्रेक. काका एक चाक बोटाने फिरवून माझ्या कानाशी धरत म्हणाले, "ऐक. आवाजच नाही. या चाकांवर माणूस ऑपरेशनला पोचतो, त्याला कळतही नाही." मी चाकं बसवली. ती करडी होती, पिवळ्या कपाटाला शोभेनात, म्हणून तीही रंगवली. ब्रेकसुद्धा रंगवले. माझ्या आयुष्यात मी कुठलंही काम इतकं मनापासून पूर्णत्वाला नेलं नव्हतं.

पुस्तकं सगळ्या पालकांनी पाठवली. घरं साफ करायला याहून पवित्र निमित्त मिळालं नसतं. गोष्टींची पुस्तकं होतीच, पण त्यांच्याबरोबर मधमाश्या पाळण्याचं पुस्तक आलं, ट्रॅक्टर दुरुस्तीचं आलं, लोणच्यांचं आलं, आणि एक त्रिकोणमितीचं आलं, त्यात कोणाचं तरी जुनं प्रेमपत्र होतं. एकंदर एकशे साठ. मी ती सगळी कपाटात रचली. मुलांनी खिडकीतून पाहावं, तर भरलेलं कपाट पाहावं, हा माझा अट्टाहास.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी सकाळी आम्ही कपाट व्हॅनमध्ये घालून शाळेच्या फाटकाशी उतरवलं. शाळा टेकडीच्या माथ्यावर आहे. फाटकापासून दगडी फरसबंदीचा रस्ता सरळ खाली चौकात जातो. वरच्या मजल्यावरच्या खिडकीला दुसरीचा अख्खा वर्ग नाकं लावून उभा होता. मधोमध नेदा होती. ती मला हात दाखवत नव्हती. शेजारच्या मुलांना बाबा दाखवत होती.

स्पासोव फाटकात करार घेऊन उभे होते. शाळेला काही द्यायचं तर देणगीचा करार लागतो: तीन प्रती, प्रत्येक प्रत चार पानी, प्रत्येक पानावर सही. "सही झाल्याशिवाय वस्तू फाटकाच्या आत घेता येत नाही," ते म्हणाले. मी चारही ब्रेक पायाने दाबले आणि पेन घेतलं.

ब्रेक दाबले गेलेच नव्हते. रंग वाळून ते आपापल्या जागी चिकटले होते. मी दुसऱ्या प्रतीच्या शेवटच्या पानावर सही करत असताना स्पासोव म्हणाले, "पालक, तुमची देणगी निघाली."

मी वळून पाहिलं. कपाट चालत होतं. घाईत नव्हतं. एखादी पोक्त बाई देवळातून घरी निघावी तसं ते उतरत होतं, आवाज न करता. मी दोन ढांगांत गाठेन म्हणून निघालो, तर त्याने वेग घेतला. मीही घेतला. मग त्याला पहिला दगड लागला आणि वरच्या कप्प्यातून लोणच्यांचं पुस्तक उडालं.

त्या रस्त्यावर सकाळी बेकरीपुढे रांग असते. रांगेतल्या प्रत्येकाकडे माझ्यासाठी काहीतरी होतं. "पुढून धर" असं एकाने सांगितलं. "पळू नकोस, पडशील" असं दुसरीने. एक म्हातारे गृहस्थ नुसतेच टोपी काढून उभे राहिले. चाकांवरच्या लाकडी पेटीमागे जाणारा माणूस त्यांनी आजवर प्रेतयात्रेतच पाहिला असावा. मी ओरडत होतो, "बाजूला व्हा." माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला त्या दिवशी कळलं. लोक बाजूला झाले. कपाट प्रत्येक दगडागणिक दोन-दोन पुस्तकं सोडत बेकरी ओलांडून, औषधाचं दुकान ओलांडून चौकात शिरलं.

चौकात कोबीची लॉरी उभी होती. थंडीच्या आधी सगळं गाव कोबी खारवायला घेतं, म्हणून विक्रेत्याने पुरुषभर उंचीचा ढीग रचला होता. कपाट त्या ढिगात कमरेपर्यंत शिरलं आणि थांबलं. ढीग ढासळला, कोबी चौकभर पसरले. कोणालाही खरचटलं नाही. कोबीवाल्याने आधी कोबी पाहिले, मग कपाट, मग मला. मी माफी मागायला तोंड उघडलं, पण त्यातून श्वासच येत होता. तोवर त्याने वाकून मधमाश्यांचं पुस्तक उचललं आणि दोन पानं चाळली. "हे मी ठेवतो," तो म्हणाला, "आणि आपण दोघं हे विसरतो."

चौकातल्या बाकांवर सकाळपासून सोंगट्या खेळत बसणारी मंडळी मदतीला धावली. त्यांनी पुस्तकं गोळा केली, धूळ झटकली, आणि मग एकेकाने आपल्या हातातलं पुस्तक उघडलं. तिथेच घोटाळा झाला. कोणी म्हणालं, "हे माझ्याकडे लहानपणी होतं." कोबी घ्यायला आलेल्या त्सोंका आजी अस्वलाच्या गोष्टींचं जाडजूड पुस्तक पिशवीत टाकून म्हणाल्या, "वाचून देते." मी कोणाकोणाला अडवणार? कपाट ढकलत टेकडी चढून वर आलो तेव्हा त्यात एकशे साठपैकी शंभर पुस्तकं होती आणि एक कोबी.

स्पासोव तिसरी प्रत घेऊन तिथेच उभे होते. "दोन प्रतींवर सह्या झाल्यात," ते म्हणाले. "म्हणजे पळालं तेव्हा दोन तृतीयांश कपाट शाळेचं होतं. उरलेल्याची जबाबदारी तुमची." वर खिडकी रिकामी होती. बाईंनी मुलांना जागेवर बसवलं असावं. माझ्यावर ते उपकारच झाले.

संध्याकाळी नेदा स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसली. ती कपाटाबद्दल बोलेल असं वाटलं. तिने आधी दाराकडे पाहून घेतलं आणि हळूच विचारलं, "बाबा, तुला वाचता येत नाही का?"

"म्हणजे?"

"तू कधीच वाचत नाहीस. बाईंनी वाचायला बोलावलं तर तू कपाट केलंस. खरं सांग. मी कोणाला सांगणार नाही. येत नसेल तर मी शिकवीन. मला पण आधी येत नव्हतं."

माझ्याकडे विज्ञानाची पदवी आहे. माझ्या सहीशिवाय कारखान्यातून दह्याचा एक डबा बाहेर पडत नाही. आणि माझी आठ वर्षांची मुलगी माझी अब्रू झाकायला निघाली होती. मग मी तिला अक्षरदिनाची गोष्ट सांगितली: मुकुट, आठ ओळी, तिसरी ओळ, चार वेळा. आजवर ती मी अल्बेनालाही पुरती सांगितली नव्हती. नेदाने शेवटपर्यंत ऐकलं.

"मग उरलेल्या सहा ओळी कोणी वाचल्या?" तिने विचारलं.

"कोणीच नाही."

"अरेरे," ती म्हणाली. वाईट तिला त्या ओळींचं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात शाळेच्या फाटकाशी माणसं दिसू लागली. शाळेत बाहेरच्या कोणालाही नोंदवहीत नाव आणि काम लिहूनच आत सोडतात. स्पासोवनी मला ती वही दाखवली, जरा तक्रारीच्या सुरात. सोमवारी तीन, मंगळवारी पाच. कामाच्या रकान्यात प्रत्येकाचं एकच: पुस्तक परत. टेकडी चढून आलेली म्हातारी माणसं, त्यांना नुसतं पुस्तक घेऊन फाटकातून कसं घालवायचं? दामयानोवाबाई त्यांना दम टाकायला वर्गात बसवायच्या.

बुधवारी त्सोंका आजी आल्या. धाप लागलेली, काखेत अस्वलांचं पुस्तक. बाईंनी त्यांना पाणी दिलं आणि सहज विचारलं, "कसं होतं पुस्तक?" आजी म्हणाल्या, "कसं होतं म्हणजे? ऐका." आणि त्यांनी पुस्तक उघडलं. नेदा सांगते, आजींचं अस्वल गुरगुरलं तेव्हा पहिल्या बाकावरची दोन मुलं दुसऱ्या बाकावर गेली. तासाची घंटा झाली तरी कोणी उठेना. पुढच्या बुधवारी लॉरी घेऊन फिरणारा कोबीवाला आला. त्याने मधमाश्यांच्या पुस्तकातलं राणीचं प्रकरण वाचलं आणि मुलांनी त्याला एवढे प्रश्न विचारले की त्याला आणखी एकदा यावं लागलं. हे ऐकून पालकांनाही लाज वाटली असावी, किंवा मजा हुकतेय असं वाटलं असावं. प्रिंटरवाले गृहस्थ आले. मेहुणा असलेले आले, आणि मेहुण्यालाही घेऊन आले. कपाट वर्गातच, कपाट क्रमांक दोनशे बाराच्या पुढ्यात, तात्पुरतं म्हणून उभं राहिलं.

एका दुपारी नेदाला आणायला गेलो तर बाई फाटकाशी थांबल्या होत्या. "नेदाचे बाबा," त्या म्हणाल्या, "येत्या बुधवारी कोणी नाहीये."

यावेळी गुडघा ठणठणीत होता. मी म्हणालो, "येतो."

चार दिवस मी कारखान्यात दह्याला वाचून दाखवलं. त्याने तक्रार केली नाही. बुधवारी वर्गात बावीस मुलं माझ्याकडे तोंड करून बसली. मागच्या बाकावर त्सोंका आजी विणकाम घेऊन बसल्या होत्या. आता त्या दर बुधवारी येतात. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागलो. प्रयोगशाळेचा अहवाल वाचावा तसंच ते येत होतं: अस्वल गुहेतून बाहेर आलं, अस्वलाने मध पाहिला, नमुना क्रमांक तीन. तिसऱ्या ओळीवर जीभ अडखळली. मी थांबलो. मुलं थांबली. मी ती ओळ पुन्हा सुरू केली आणि या खेपेला पार केली.

दुसऱ्या पानावर पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. "अस्वल आजारी आहे का?"

"का गं?"

"त्याचा आवाज तसा येतोय."

"हो," मी म्हणालो, "त्याला सर्दी झाली आहे." पुस्तकात तसं काही नव्हतं. पण मुलांना ते एकदम पटलं, आणि मलाही अस्वल हाताळणं सोपं गेलं. मध्ये दोनदा ते शिंकलं. एका मुलाने त्याला गरम चहा घ्यायला सांगितलं. चोवीस पानं वाचून मी पुस्तक मिटलं तेव्हा माझा शर्ट पाठीला चिकटला होता. टाळ्या वगैरे झाल्या नाहीत. मुलं डबे काढून खायला लागली, आणि बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

उतार उतरताना नेदाने माझा हात धरला होता. बेकरीपाशी मी विचारलं, "कसं झालं?"

"त्सोंका आजी जास्त चांगलं वाचते," ती म्हणाली.

"हो. ते आहेच."

"पण तू सगळं वाचलंस. मी मोजत होते. एक पण पान सोडलं नाहीस."

"पानं सोडायची असतात का?"

"आई सोडते," नेदा म्हणाली. "तिला वाटतं, मी झोपले."